एकतीसपैकी तीस

‘लाख कोटी’ हे माप आपल्या कानावर वर्षातून एकदा पडतं, १ फेब्रुवारीला, संसदेतून. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा होता. रस्ते, रेल्वे, संरक्षण, अनुदानं, कर्जावरचं व्याज, सगळं धरून. एरवी एवढा मोठा आकडा कुणाला लागत नाही. पोटाचा हिशेब मांडायला बसलं, तर मात्र पहिल्या ओळीतच लागतो.

७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली मोजणी वापरायची तर ३८ महापद्म. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. हे आतडं असतं दीड मीटर लांब आणि त्यात एका वेळी मावतो सुमारे ४०० मिलिलिटर ऐवज. जिवाणूंचं एकत्र वजन भरतं अवघं २०० ग्रॅम. म्हणजे अर्थसंकल्पातल्या रुपयांशी बरोबरी करू पाहणारी ही प्रजा पावशेरालाही कमी पडते.

हा आकडा २०१६ चा, इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मायलो यांनी काढलेला. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं ‘शरीरात पेशी एक तर जिवाणू दहा’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून फिरत होतं. त्याचं मूळ १९७२ सालच्या एका ढोबळ अंदाजात होतं आणि तो कुणी तपासून पाहिला नव्हता. नव्या हिशेबात आपल्या पेशी निघाल्या ३० लाख कोटी. त्याही पाचांतल्या चारांहून जास्त निव्वळ तांबड्या रक्तपेशी. तेव्हा सामना जवळजवळ बरोबरीचा आहे. इतका, की एकदा संडासला जाऊन आलं की पारडं आपल्या बाजूला झुकू शकतं. हा माझा विनोद नाही, त्या शोधनिबंधातच तसं म्हटलेलं आहे.

मोठ्या आतड्यातल्या एका ग्रॅममध्ये १० हजार कोटी जिवाणू असतात. २०११ च्या जनगणनेत राष्ट्रीय राजधानी क्षेत्राची, म्हणजे दिल्ली आणि भोवतीच्या हरयाणा, उत्तर प्रदेश, राजस्थानातल्या जिल्ह्यांची लोकसंख्या ४ कोटी ६० लाख होती. चिमूटभर ऐवजात अशी दोन हजारांहून जास्त राजधानी क्षेत्रं मावतात. मेट्रोच्या राजीव चौक स्थानकावर संध्याकाळी साडेसहाला उभं राहिलेल्या माणसाला गर्दी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, पण ही गर्दी त्यालाही झेपायची नाही.

आता या वस्तीवर पूर येतो तो कसा, ते बघू.

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून केलेली तपासणी. आतडं धुतलेलं नसेल तर दुर्बिणीला काहीच दिसत नाही. म्हणून आधी ‘प्रेप’. दिल्लीत हा शब्द आता डॉक्टर, कंपाउंडर, रुग्ण सगळेच वापरतात. दोन दिवस आधी पालेभाज्या, सालीसकट फळं, बियांची भाजी, राजमा बंद. आदल्या दिवशी डाळीचं गाळलेलं पाणी, नारळपाणी, लिंबूपाणी. लाल रंगाचं सरबत मात्र नाही, कारण आत ते रक्तासारखं दिसतं. मग ते पाकीट. आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या एका पाकिटात ११८ ग्रॅम पॉलिइथिलीन ग्लायकॉल म्हणजे ‘पेग’ असतं, शिवाय मीठ, सोडा, पोटॅशियम आणि सोडियम सल्फेट. सगळं मिळून १३७ ग्रॅम पूड, ती दोन लिटर पाण्यात विरघळवायची. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला, असे आठ पेले. चव खारट, वर लिंबाचा कृत्रिम वास. तिसऱ्या पेल्यापर्यंत माणूस धीराने घेतो, पाचव्याला नाक दाबतो. तासाभरात पोटात गुडगुड सुरू होते आणि त्यानंतर घरातला एक संडास त्या रात्रीपुरता एकाच माणसाच्या मालकीचा होतो. शेवटी नुसतं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडू लागलं की डॉक्टर म्हणतात, झालं.

दोन हप्त्यांत प्यायला सांगितलं असेल तर दुसरा हप्ता पहाटे. अन्सारी नगरात, एम्समध्ये, सकाळी नऊची वेळ मिळालेला गाझियाबादचा माणूस चारला उठून उरलेला लिटरभर घशाखाली ढकलतो आणि मग रिंग रोडच्या वाहतुकीत, देवाचं नाव घेत, दक्षिण दिल्ली गाठतो. या प्रवासाचं वर्णन मी अनेकांकडून ऐकलंय. सगळ्यांच्या कहाणीत पेट्रोल पंपावरचा संडास आहे.

हे औषध जिवाणूंना मारत नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवायची. ते प्रतिजैविक नव्हे. पेगचे रेणू आतड्यातून रक्तात जात नाहीत. ते पाणी धरून बसतात आणि आल्या वाटेने खाली निघून जातात. एरवी मोठं आतडं रोज लिटर-दीड लिटर पाणी शोषून घेतं, इथे त्याला ते करताच येत नाही. अमेरिकेत डॅलसच्या जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये हे मिश्रण असं बेतलं, की शरीरातलं मीठपाणी आत-बाहेर फारसं हलू नये. त्याआधी आतडं धुवायचं म्हणजे एनिमा, दोन-तीन दिवसांचा उपास आणि एरंडेल. एरंडेलाची चव ज्यांच्या लहानपणात आहे त्यांनी पेगच्या चवीबद्दल तक्रार करू नये.

रेणूंचा आकडाही बघण्यासारखा आहे. ११८ ग्रॅम पेगमध्ये साधारण दोनावर बावीस शून्यं एवढे रेणू असतात. ३८ लाख कोटी जिवाणूंमध्ये ते वाटले तर एकेका जिवाणूच्या वाट्याला सुमारे ५० कोटी येतात. जिवाणू या रेणूंनी चिरडला जात नाही, त्यांनी धरून ठेवलेलं पाणी त्याला वाहून नेतं.

किती वाहून नेतं? २०१५ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात योन्ना यालंका आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २३ निरोगी माणसांना दोन लिटर पेगचं मिश्रण पाजलं. काहींना एका दमात, काहींना एकेक लिटर दोनदा. धुण्याआधी आणि नंतर मलाचे नमुने तपासले. जिवाणूंची एकूण संख्या ३१ पटींनी घसरली होती. एकतीसपैकी तीस गेले, एक उरला. तोच भागाकार ३८ लाख कोटींना लावला तर उरतात सव्वा लाख कोटींच्या आतबाहेर आणि सुमारे ३७ लाख कोटी एका रात्रीत यमुनेच्या वाटेला लागतात.

हे डोळ्यांपुढे यावं म्हणून जिवाणू एकापुढे एक मांडू. एकेक मायक्रोमीटर लांबीचा धरला तर प्रेपच्या आधीची रांग ३८ हजार किलोमीटर भरते. विषुववृत्ताला वेढा पूर्ण व्हायला जेमतेम दोन हजार किलोमीटर कमी. प्रेपनंतर उरलेल्यांची रांग सव्वाबाराशे किलोमीटर. नवी दिल्ली स्टेशनातून राजधानीच्या रुळांवर ती अंथरली तर मुंबई सेंट्रलपर्यंतच्या १,३८४ किलोमीटरांतली बरीच वाट पार होईल, पण वापीच्या आसपास संपेल. महाराष्ट्राची हद्दही लागायची नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हे कुठेतरी वाचलं आणि तपासणीच रद्द करायला निघाले. “सगळे चांगले जंतू धुऊन जाणार, मग दुखणं नसताना दुखणं कशाला विकत घेऊ?” त्यांच्या वडिलांना आतड्याचा कर्करोग झाला होता. म्हणजे दुर्बीण टाळायचा हक्क सोसायटीत सर्वांत कमी कुणाचा, तर त्यांचाच. त्यांना मी पुढचा हिशेब सांगितला, तो असा.

एकतिसाव्या हिश्श्यावरून पुन्हा पूर्ण संख्येवर यायला किती दुपटी लागतात? एकाचे दोन, दोनाचे चार, आठ, सोळा, बत्तीस. पाच. फक्त पाच दुपटी. प्रयोगशाळेत भरपूर खाऊ घातलेला ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्या वेगाने हे काम पावणेदोन तासांत उरकलं असतं. पोटात तसा सुकाळ नसतो. तिथल्या बहुतेकांना तासच्या तास लागतात, काहींना दिवस. तरी पाच दुपटी म्हणजे पाच दुपटी. यालंकांच्या अभ्यासात चौदा दिवसांत संख्याही पूर्ववत झाली होती आणि कोणत्या जातीचे किती, हे प्रमाणही बहुतांशी आधीसारखं दिसू लागलं होतं.

दुसरं म्हणजे ही वस्ती रोजच्या गळतीला सरावलेली आहे. ब्रिटनमध्ये माणसाला दिवसाकाठी होणाऱ्या मलाचं मध्यक वजन १०६ ग्रॅम भरतं. ग्रॅमला दहा हजार कोटी या दराने, साध्या सकाळी, काहीही न पिता, सुमारे दहा लाख कोटी जिवाणू निघून जातात. म्हणजे चार आण्यांचा हिस्सा रोजचाच. आपल्याकडे त्याहून जास्त. दिल्लीच्या एम्समधले आर. के. टंडन आणि बी. एन. टंडन यांनी १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर भारतीयांच्या मलाची वजनं छापली, ती ब्रिटिशांपेक्षा बरीच भारी होती. कोंड्यासकट पोळी आणि डाळ-भाजी खाणाऱ्याचं ते लक्षण. तेव्हा प्रेपची रात्र म्हणजे तीन-चार दिवसांची गळती एकदम. रोज चौथाई प्रजा गमावून दुसऱ्या दिवशी भरून काढणारं राज्य एवढ्याने बुडत नाही.

इथवर काकांना पटलं. पण एवढंच सांगून थांबणं म्हणजे अर्धं सांगणं झालं असतं.

आकडा भरून येणं वेगळं आणि तीच माणसं घरी परत येणं वेगळं. प्रत्येकाच्या पोटातल्या जिवाणूंचं मिश्रण त्याचं स्वतःचं असतं. माझा आजचा नमुना माझ्याच गेल्या महिन्याच्या नमुन्याशी जितका जुळेल, तितका शेजाऱ्याच्या नमुन्याशी जुळणार नाही. त्या २३ जणांपैकी २२ टक्क्यांची, म्हणजे पाच जणांची, ही ओळख धुण्यानंतर पुसली गेली होती. नमुना बघून हा कुणाचा ते ओळखता येईना. आणि यात प्यायची पद्धत महत्त्वाची ठरली. दोन लिटर एका दमात पिणाऱ्यांची घडी जास्त विस्कटली. त्यांच्यात प्रोटिओबॅक्टेरिया आणि फ्यूजोबॅक्टेरिया गटांचे जिवाणू ठळकपणे वाढले. दोनदा लिटर-लिटर घेणारे लवकर सावरले.

प्रोटिओबॅक्टेरियांनाच संधी का, याचं एक स्पष्टीकरण प्राणवायूत आहे. मोठं आतडं जवळजवळ प्राणवायूविना चालतं आणि तिथले मूळ रहिवासी हवा लागली की मरतात. धुताना पाणी वेगाने वाहतं, आतली रचना हलते, थोडा प्राणवायू पोचतो. ज्यांना हवा चालते आणि हवेवाचूनही चालतं, अशा ई. कोलायच्या भाऊबंदांचं तेवढ्यात फावतं. शिवाय आतड्याच्या भिंतीवर बुळबुळीत चिकट थर असतो, पुरता मिलिमीटरही जाड नसलेला. त्याच्या बाहेरच्या पदरात जिवाणूंचा एक राखीव साठा टिकून राहतो आणि पूर ओसरल्यावर बीज पेरायला तोच कामी येतो. स्टॅनफर्डच्या कॅरोलिना ट्रोपिनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये उंदरांना काही दिवस सलग पेग पाजून पाहिलं तेव्हा हा थर विरला आणि त्यांच्या आतड्यातलं एक मोठं जिवाणू-कुळ नाहीसंच झालं. उंदरांना तो डोस दिवसचे दिवस मिळत होता, माणसाला एक रात्र. हा फरक विसरून बातम्यांचे मथळे दिले जातात. उलट बाजूला इटलीतला २०१६ चा एक लहान अभ्यासही आहे. दहा रुग्ण, चार लिटर पेग. महिन्यानंतरही त्यांच्यात काही बदल टिकून होते, लॅक्टोबॅसिलस कुळातल्यांची घट त्यांपैकी एक. दहा माणसांवरून जगाचा निकाल लावता येत नाही, पण चार लिटर आणि दोन लिटर यांत फरक असणार एवढं त्यावरून मानायला हरकत नाही.

मग दिल्लीकराच्या पोटात परत कोण यायला हवं? फरीदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमधल्या भवतोष दास यांच्या गटाने २०१८ मध्ये बल्लभगड आणि लेह या भागांतल्या शहरी-ग्रामीण ८४ निरोगी माणसांचे नमुने तपासले. भारतीय पोटांत प्रिव्होटेला या जिवाणूचं राज्य असतं, हे अशा अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. धान्य, डाळी, भाज्यांमधल्या तंतूंवर तो जगतो. त्याच्या जोडीला मेगास्फेरा. या कुळातल्या एका नव्या जातीला २०१४ मध्ये ‘मेगास्फेरा इंडिका’ असं नाव मिळालं ते पुण्यातल्या संशोधकांकडून, माणसाच्या मलातून ती वेगळी काढल्यावर. पाश्चात्त्यांच्या पोटात बॅक्टेरॉइडिसचा वरचष्मा. तेव्हा प्रेपनंतर ‘चांगले जंतू’ म्हणून बाटलीतून कोणते आणायचे, याचं उत्तर जाहिरातीत सापडेल असं मला वाटत नाही.

आणि आकड्यांनीही ते जमत नाही. याकुल्टचा कारखाना राजधानी क्षेत्रातच, सोनीपतला आहे. त्यांच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवाणू असतात आणि कंपनी ते बाटलीवरच छापते. आकडा डोळे विस्फारायला लावणारा. पण एका रात्रीत गेलेले ३७ लाख कोटी अशा बाटल्यांनी भरून काढायचे ठरवले तर साडेपाच हजारांवर बाटल्या लागतील, तेही सगळे जिवाणू जठरातल्या आम्लातून जिवंत खाली पोचले असं धरून. आवडत असेल तर खुशाल प्यावी. वाइझमन संस्थेतल्याच दुसऱ्या एका गटाने २०१८ मध्ये प्रतिजैविकं घेतलेल्या माणसांना प्रोबायोटिक गोळ्या देऊन पाहिल्या, तर त्यांच्या मूळ जिवाणूंचं परतणं उलट लांबलं. बाहेरून आलेल्यांनी जागा अडवली होती.

प्रतिजैविकांचं नाव निघालंच आहे तर एक तुलना हवी. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जोरकस प्रतिजैविकं दिली. दीड महिन्यात बहुतेक जिवाणू परत आले, पण आधी सगळ्यांच्या पोटात असलेल्या नऊ जाती बहुतेकांत १८० दिवसांनीही सापडल्या नाहीत. सर्दीसाठी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून चिठ्ठीविना ॲझिथ्रोमायसिन आणणारा माणूस प्रेपच्या पेल्याकडे संशयाने बघतो, हे मला दिल्लीत नेहमी दिसतं. भीती चुकीच्या बाटलीची आहे.

पूर वाईट म्हणावा, तर तो आल्यावर नवी वस्ती बसवताही येते. दिल्लीच्या एम्समध्ये विनीत आहुजा, सौरभ केडिया आणि सहकाऱ्यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या ६६ रुग्णांवर केलेली चाचणी २०२२ मध्ये ‘गट’मध्ये आली. या आजारात मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात. ३५ रुग्णांना दर आठवड्याला एकदा, असं सात वेळा, कोलोनोस्कोपमधून निरोगी दात्यांचा प्रक्रिया केलेला मल दिला आणि दाहशामक आहार सांगितला. दाते खेड्यातले आणि एकापेक्षा अधिक निवडले होते, कारण त्यांची पोटं जास्त विविध वस्तीची. उरलेल्या ३१ जणांना नेहमीची औषधं नीट बेतून दिली. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातले २१ जण लक्षणमुक्त झाले, म्हणजे ६० टक्के. दुसऱ्या गटात १०, म्हणजे ३२ टक्के. एम्सने बाहेर गावी जाऊन पोटं शोधली, यात शहरी आहारावरचा शेरा वाचायचा की नाही ते वाचकांनी ठरवावं. घरी मिक्सर घेऊन हा प्रयोग करू नये, एवढं मात्र लिहावंच लागतं. दात्याच्या रक्ताच्या आणि मलाच्या चाचण्यांची यादीच लांबलचक असते.

आता शेवटचे आकडे, काकांसाठी सांगितलेले. भारतात वर्षाला मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे ६५ हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडतात. त्यातले बहुतेक कर्करोग आधी पॉलिप नावाच्या बारीक मोडासारखे असतात. दुर्बिणीतून तो दिसला की तिथल्या तिथे कापून टाकता येतो. आणि प्रेप नीट न होण्याचं प्रमाण जगभरच्या अभ्यासांत पाचांत एकाच्या आसपास आहे. त्या पाचव्याला अनेकदा सगळं पुन्हा प्यावं लागतं. दुसरा पूर, पुन्हा पाच दुपटी.

तेव्हा तपासणी सांगितली असेल तर करून घ्या. पूड दोन हप्त्यांत घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याने आतडंही जास्त स्वच्छ होतं आणि जिवाणूही लवकर सावरतात. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर कोणती पूड आणि किती, हे त्यांनाच ठरवू द्या. मलातल्या जिवाणूंची चाचणी करायची असेल तर नमुना प्रेपच्या आधी द्या, नंतरच्या नमुन्यात तुम्ही दिसणार नाही. नंतरचे दोन आठवडे पोळी, डाळ, भाजी, ताक असं घरचं जेवा, प्रिव्होटेलाला तेच लागतं. आणि आजार नसताना, कुणी ‘डिटॉक्स’ म्हणून आतडं धुऊन देतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. दुर्बीण आत जाणार नसेल तर धुण्याचं काही कारण नाही.